पाणथळ जागेवर भराव पडू लागला, तर सुरुवात कुठून करायची?

पहिला फोन बहुतेक वेळा असाच येतो. ‘काल रात्री चार हायवा आले, खाडीकडच्या खाजणात माती ओतून गेले. तक्रार कुणाकडे करू?’ मी विचारते, ‘सर्व्हे नंबर काय? भरतीचं पाणी तिथं येतं का?’ पलीकडे शांतता. त्यात त्या माणसाची चूक नसते. मीसुद्धा पहिली तक्रार अशीच केली होती, मनापासून आणि चुकीच्या दारात. ‘हा विषय आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही’ एवढ्या एका ओळीच्या उत्तराला दोन महिने लागले. तोवर भराव गुडघाभर होता तो पुरुषभर झाला.

म्हणून नव्याने या कामात येणाऱ्यांना मी एकच गोष्ट आधी सांगते. आपल्याकडे पाणथळीसाठी एकच कायदा नाही. एकाच खाडीच्या काठावर शंभर पावलांत तीन वेगळे कायदे लागू असू शकतात. तुमची जागा कोणत्या खान्यात बसते हे कळलं, की कुणाकडे जायचं, काय मागायचं आणि ‘नुकसानीच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावू’ हे आश्वासन चालतं की नाही, हे त्यावरून ठरतं.

आधी जागा नीट ओळखा

सर्व्हे किंवा गट नंबर शोधा. महाभूमीच्या संकेतस्थळावर गाव नकाशा आणि सातबारा दिसतो. सातबाऱ्यावर ‘सरकार’, ‘खाजण’, ‘मिठागर’, ‘गावतळे’, एखाद्या प्राधिकरणाचं किंवा खासगी मालकाचं नाव, जे काही असेल ते उतरवून घ्या. फेरफार नोंदीही काढून ठेवा. जमीन कधी आणि कोणत्या कामासाठी कुणाच्या नावावर गेली, ते त्यांत सापडतं.

मग गूगल अर्थ उघडा आणि जुनी उपग्रह चित्रं वर्षावर्षाने मागे नेऊन पाहा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तिथं पाणी किंवा खारफुटी होती आणि आता पांढरट पठार आहे, हे दाखवणारी दोन चित्रं दहा पानी निवेदनापेक्षा जास्त काम करतात.

जागेवर एकदा जाऊन भागत नाही. खाडीकाठची जागा असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास मोठ्या उधाणाला जा, आणि त्याच ठिकाणी उभं राहून ओहोटीचाही फोटो घ्या. गोड्या पाण्याचं तळं असेल तर एक फेरी ऑगस्टमध्ये आणि एक एप्रिलमध्ये हवी. उन्हाळ्यात कोरडं पडलेलं तळं बघून ‘हे कसलं पाणथळ?’ असं अधिकारीही म्हणतात. पण पाणथळ ठरायला बारमाही पाणी लागत नाही. इराणमधल्या रामसर गावी 2 फेब्रुवारी 1971 रोजी झालेल्या करारापासून ही व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे: पाणी नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमचं असो वा हंगामी, गोडं, मचूळ किंवा खारं, आणि समुद्राच्या बाबतीत ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल. भारत या करारात 1982 साली सामील झाला.

फोटो जागेचे अक्षांश-रेखांश उमटवणाऱ्या अ‍ॅपमधून काढा आणि मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोतली माहिती पुसलेली असते. आणि एक कळकळीची विनंती: रात्री एकट्याने जाऊन ट्रक अडवू नका. लांबून नंबर टिपा आणि 112 वर कळवा.

मग खाना ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

*खारफुटी आहे का?* तिवर, कांदळ, चिप्पी यांतलं काहीही उभं असेल तर तुमचा हात सर्वांत बळकट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 रोजी दिलेल्या निकालाने महाराष्ट्रभर खारफुटी तोडण्यावर बंदी आहे. जमीन सरकारी असो वा खासगी, खारफुटीचं क्षेत्र सीआरझेड-एक मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात, मोडतं. भोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करायला किंवा राडारोडा टाकायला मनाई आहे. सार्वजनिक हितासाठी आवश्यक असल्याची न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय एकही तोड होऊ शकत नाही. ‘माझ्या मालकीची जमीन आहे’ हे उत्तर इथं चालत नाही. ते ऐकून अनेक तक्रारदार गप्प बसतात, म्हणून पुन्हा सांगते: चालत नाही. सरकारी जमिनीवरची बरीच खारफुटी आता राखीव वन म्हणून अधिसूचित झाली आहे. ती जमीन वळवायची तर केंद्राच्या 1980 च्या वन अधिनियमाखाली वेगळी मंजुरीही लागते.

*खारफुटी नाही, पण भरतीचं पाणी येतं?* मग 18 जानेवारी 2019 ची सीआरझेड अधिसूचना पाहायची. भरती रेषा आणि ओहोटी रेषा यांच्यामधला पट्टा, चिखलाणी (ओहोटीला उघडा पडणारा चिखल), पक्ष्यांची घरटी असलेले भाग यांना त्यात वेगवेगळा दर्जा आहे. त्यासाठी किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे असतात. नकाशावरची भरती रेषा आणि तुम्ही उधाणाला पाहिलेलं पाणी यांत फरक पडला, तर तो लेखी कळवा. खाडीचं तोंड किंवा नाल्यावरची उघाडी (पाणी आत-बाहेर सोडणारं दार) बंद करून पाणी अडवलं, की चार-दोन वर्षांत जागा कोरडी दिसू लागते आणि ‘इथं भरती येतच नाही’ म्हणायला वाव मिळतो. नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस तलावाचं असंच झालं. खाडीचं पाणी आत येण्याचे मार्ग बुजले, तळं आटलं, आणि 2024 च्या उन्हाळ्यात तिथल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे हाल सगळ्या राज्याने पाहिले. लोकांनी पाण्याची वाट मोकळी करण्याचा धोशा लावला. एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या सुमारे 30 एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. भराव एवढा डोळ्यांत भरतो की पाण्याची वाट कुठे अडवली आहे हे बघायचं राहून जातं. आधी ती बघा.

*गोड्या पाण्याची जागा?* इथं 26 सप्टेंबर 2017 चे पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियम येतात. त्यांतला चौथा नियम कडक आहे: पाणथळीचा दुसरा कुठलाही वापर नाही, अतिक्रमण नाही, नवा उद्योग किंवा जुन्याचा विस्तार नाही, कचरा-राडारोडा नाही, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नाही, आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत होडीच्या धक्क्याखेरीज पक्कं बांधकाम नाही. मात्र हे नियम लागू होतात रामसर स्थळांना आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींना. महाराष्ट्रातली रामसर स्थळं तीन: निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर, बुलढाण्याचं लोणार आणि ठाण्याची खाडी. गोव्यात कुडचड्याचं नंदा तळं. तुमच्या गावचं तळं या यादीत नसणार हे उघड आहे, आणि अधिसूचनेची वाट पाहणारी ठिकाणं खूप आहेत.

इथं नवखा माणूस हताश होतो. होऊ नका. इस्रोच्या अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने 2011 मध्ये देशभरच्या पाणथळींचा नकाशासंग्रह काढला. त्यात 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 जागा होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 8 फेब्रुवारी 2017 रोजी एम. के. बालकृष्णन खटल्यात सांगितलं की या सगळ्या जागांना जुन्या, 2010 च्या, नियमांमधल्या चौथ्या नियमाच्या तत्त्वांप्रमाणे संरक्षण चालू राहील. अधिसूचना निघाली नसली तरी. 2021 च्या नव्या संग्रहात हा आकडा 2,31,195 वर गेला, आणि 11 डिसेंबर 2024 च्या आदेशाने राज्यांना या जागांची प्रत्यक्ष पाहणी आणि सीमांकन तीन महिन्यांत पूर्ण करायला सांगितलं गेलं. म्हणजे तुमची जागा साधारण साडेपाच एकरांपेक्षा मोठी असेल, तर आधी ती या नकाशासंग्रहात शोधा. सापडली तर त्या पानाची प्रत तक्रारीला जोडा. ‘अधिसूचित नाही’ या उत्तराला हाच जबाब आहे.

*कायद्याने वगळलेली जागा?* 2017 च्या नियमांनी नदीपात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव आणि मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन किंवा सिंचनासाठी बांधलेली बांधकामं व्याख्येबाहेर ठेवली. मला हे वगळणं चुकीचं वाटतं. आपल्याकडचे निम्मे पक्षी अशाच जुन्या तलावांवर आणि मिठागरांवर जगतात, असं मी कुठल्याही पक्षीनिरीक्षकासमोर म्हणू शकते. पण कायदा तसा आहे. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या खटल्यात 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानलं, की मानवनिर्मित असल्याने तो या नियमांखालची पाणथळ ठरत नाही. त्याच निकालात हेही म्हटलं, की सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व, म्हणजे सरकार अशा जागा लोकांच्या वतीने सांभाळतं हे तत्त्व, मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होतं. त्यामुळे अशा जागेसाठी तक्रार लिहिताना ‘पाणथळ नियम’ एवढंच लिहून थांबू नका. विकास आराखड्यातलं आरक्षण, महसुली नोंद, सीआरझेड, वन्यजीव कायदा, यांतलं जे लागू असेल ते लिहा. गोव्याच्या खाजणांचा 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत वेगळा उल्लेख आहे.

परवानगीचे कागद काढा

कधीकधी भरावाला परवानगी असते. असेल तर वाद परवानगीच्या अटींवर जातो. केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने शोधा: पर्यावरण मंजुरी, सीआरझेड मंजुरी, वनजमीन वळवण्याचे प्रस्ताव तिथं असतात. मंजुरीपत्राच्या शेवटची अटींची यादी आधी वाचा. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. तो मागवा.

तिथं न सापडलेलं माहिती अधिकारात मागा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. ‘परवानगी का दिली?’ असं विचारू नका, कारणं विचारलेल्या अर्जाला ‘ही माहिती नव्हे’ म्हणून परत पाठवता येतं. कागद मागा. उदाहरणार्थ: ‘सर्व्हे नंबर अमुक, मौजे अमुक येथे माती भराव करण्यासाठी 1 जानेवारी 2023 पासून दिलेल्या सर्व परवानग्यांच्या, स्थळपाहणी अहवालांच्या आणि पंचनाम्यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.’ हाच अर्ज तहसील कार्यालय, नियोजन प्राधिकरण आणि वन विभाग अशा तीन ठिकाणी टाका. तीन उत्तरं जुळली नाहीत, तर तो विरोधाभासच पुढे पुरावा होतो.

तक्रार

एक पान पुरे. वर सर्व्हे नंबर आणि अक्षांश-रेखांश, मग काय घडलं ते तारखांसह, मग कोणता नियम मोडला, शेवटी तीन मागण्या: काम ताबडतोब थांबवा, पंचनामा करा, जागा पूर्ववत करा. तिसरी मागणी लोक विसरतात. ती नसेल तर दंड भरून भराव तसाच राहतो.

खारफुटी असेल तर वन विभागाचा कांदळवन कक्ष, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि 1926 ही वन विभागाची हेल्पलाइन. महसुली जमीन आणि बेकायदा माती वाहतूक असेल तर तहसीलदार. पाणथळ नियमांखाली राज्य पाणथळ प्राधिकरण आणि जिल्हाधिकारी. कोकण विभागात उच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्या आहेत, त्यांना प्रत द्याच. प्रत्येक पत्रावर बाकीच्यांची नावं लिहा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड होतं. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

एक बदल लक्षात असू द्या. पर्यावरण संरक्षण कायद्यातली पूर्वीची कैदेची शिक्षा जनविश्वास कायद्याने काढली गेली. एप्रिल 2024 पासून तिथं 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आहे. मोठ्या बिल्डरला एवढी रक्कम जड नाही. म्हणून मी पुनःस्थापनेच्या मागणीवर इतका जोर देते.

‘बदल्यात दुसरीकडे लावू’ म्हणजे काय, ते तपासा

अमेरिकेत या कल्पनेची मोठी व्यवस्था उभी आहे. 1972 च्या स्वच्छ जल कायद्याच्या कलम 404 खाली पाणथळीत भराव टाकायला लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी लागते. क्रम ठरलेला आहे: आधी नुकसान टाळा, मग कमी करा, उरलेल्याची भरपाई करा. 2008 च्या नियमाने भरपाईसाठी ‘मिटिगेशन बँकां’ना पसंती दिली. म्हणजे कुणीतरी आधीच पाणथळ सुधारून ठेवतो, तिचे गुण मोजले जातात, आणि विकासक ते विकत घेतो. तरी ‘एकूणात घट नाही’ हे ध्येय साधलं जात नसल्याचं तिथल्याच नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2001 मध्ये नोंदवलं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या सॅकेट निकालानंतर तर अनेक पाणथळी त्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेरच गेल्या.

आपल्याकडे अशी बँक नाही. आपल्या 2017 च्या नियमांत ‘पाणथळ बुजवा आणि दुसरी बनवा’ असा सौदाच नाही, रूपांतर थेट निषिद्ध आहे. तेव्हा गोड्या पाण्याच्या संरक्षित तळ्याबाबत कुणी पर्यायी तळं देऊ केलं, तर त्याला आधार कोणत्या नियमाचा, हे लेखी विचारा. ग्रेटर नोएडाजवळच्या सैनी गावातली तळी उद्योगांना दिली गेली होती आणि बदल्यात दुसरीकडे तळं खोदायची तयारी होती. सर्वोच्च न्यायालयाने 25 नोव्हेंबर 2019 रोजी जितेंद्र सिंह खटल्यात ते फेटाळलं. नवं तळं झाल्याने जुनं बुजवल्याचा परिणाम भरून निघेल याची खात्री नाही, आणि जुन्या तळ्याकाठच्या माणसांना पाण्यासाठी लांब चालत जावं लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. गावतळ्याच्या लढाईत हा निकाल खिशात ठेवा.

भरपाई प्रत्यक्ष येते ती खारफुटी आणि वनजमिनीत. 2019 च्या अधिसूचनेनुसार संरक्षण किंवा सार्वजनिक सुविधांच्या अपवादात्मक कामांत खारफुटी गेली, तर बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट क्षेत्रावर ती लावावी लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने सुमारे 22 हजार खारफुटीची झाडं तोडायला परवानगी दिली. त्याआधीच्या आराखड्यात हा आकडा 50 हजारांच्या वर होता. हा फरक मला भरपाईच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. स्थानकाची रचना बदलली आणि झाडं जागेवर वाचली. म्हणून हरकत नोंदवताना ‘पाचपट लावा’ म्हणण्याआधी ‘मार्ग सरकवता येतो का, खांबांवर नेता येतो का, याचा अभ्यास दाखवा’ असं म्हणा.

तरीही लागवड ठरलीच, तर हे प्रश्न लेखी विचारा. जागा कुठे आहे, सर्व्हे नंबर काय? त्याच खाडीत की दुसऱ्या तालुक्यात? तिथं खारफुटी आजवर का नव्हती? याचं उत्तर महत्त्वाचं आहे. जमीन उंच असेल तर उधाणाचं पाणी पोचत नाही आणि रोपं वाळतात. खूप सखल असेल तर रोज बुडून कुजतात. आणि मोकळी चिखलाणी असेल, तर ती ‘रिकामी’ नाही. रोहित, तुतारी असे चिखलात चरणारे पक्षी तिथं पोट भरतात, निवट्या आणि चिंबोऱ्या पकडणाऱ्या बायकांचं घर त्यावर चालतं. एक पाणथळ भरून काढायला दुसरी झाकायची, असं होता कामा नये. पूर्वी खारफुटी होती आणि बांध किंवा भरावामुळे मेली, अशी जागा शोधायला सांगा. तिथं पाण्याची वाट मोकळी केली तर बऱ्याचदा बिया आपसूक रुजतात, लावायचीही गरज पडत नाही.

मग प्रजाती. फक्त तिवर लावणार की तिथली जी होती ती सगळी? तीन आणि पाच वर्षांनी किती जगली हे कोण मोजणार, अहवाल कुठे मिळणार? ‘अमुक लाख रोपं लावली’ हा आकडा लागवडीच्या दिवसाचा असतो. पहिला पावसाळा उलटल्यावर स्वतः जाऊन एका ठरलेल्या चौकटीतली रोपं मोजा, फोटो काढा. दरवर्षी त्याच महिन्यात.

आणि मासेमारांचं काय? नुकसान एका खाडीतल्या कोळ्यांचं आणि लागवड दुसऱ्या जिल्ह्यात, हे कागदावर क्षेत्र जुळलं म्हणून न्याय्य होत नाही. प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर हे तिथंच नोंदवून घ्या, कोळी समाजाच्या सहकारी सोसायटीच्या लेटरहेडवर. सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, तेवढ्यात गावकी बोलावता येते.

न्यायाधिकरणाची मुदत चुकवू नका

कार्यालयं हलली नाहीत तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम पीठ पुण्यात आहे. पर्यावरणीय वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस. मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर फक्त 30 दिवस, आणि तिथंही पुरेशा कारणावर 60 दिवस. भरपाई किंवा पुनःस्थापनेच्या मागणीला पाच वर्षं. ‘आधी माहिती अधिकाराचं उत्तर येऊ दे’ म्हणत बसल्याने हातची मुदत गेल्याची उदाहरणं मी जवळून पाहिली आहेत. त्यामुळे मंजुरीपत्राची तारीख कळली, की त्याच दिवशी वकिलाला फोन करा. 2018 च्या खारफुटी निकालाचा भंग असेल तर उच्च न्यायालयाचा रस्ताही आहे.

आजच करण्यासारखं काम मात्र साधं आहे. दिनदर्शिकेत पुढची अमावास्या बघा, त्या दिवशीची भरतीची वेळ शोधा, सोबत एखादा शेजारी घ्या आणि खाजणाच्या बांधावर जाऊन पाणी कुठवर येतं त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा, त्याच दगडावर उभं राहून.